बुचाचं छप्पर

हरिश्चंद्राने भिंतीला हात लावला आणि तो तिथेच राहिला. खरं तर त्याचं काम टेपचं एक टोक धरून मापं कागदावर उतरवण्यापुरतं होतं. कुलाब्याच्या अंगाला एक जुना बर्फखाना पाडायचा होता, त्या जागी कुणाची तरी वखार व्हायची होती, आणि वखारीचे नकाशे काढायचं काम त्याच्या ऑफिसकडे आलं होतं. आखणार साहेब. त्यांची रेघ ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवणार हरिश्चंद्र. मॅट्रिक होऊन तो या ऑफिसात चिकटला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या हजारो रेघांत त्याची स्वतःची म्हणावी अशी एकही नव्हती. बर्फखान्याची एकच खोली अजून चालू होती. आत दात वाजवणारी थंडी, भुसा, माशांचा वास. बाहेर एप्रिलची दुपार. तो दाराबाहेर आला, त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला त्याने तळवा टेकवला, आणि तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी ती भिंत त्याच्या हाताला लागली. तो पुन्हा आत गेला. पुन्हा बाहेर आला. दोन हातांमध्ये अंतर काय ते वीतभर, आणि त्या वीतभरात एक अख्खा उन्हाळा अडून उभा होता. तिथला मुकादम हसून म्हणाला, "बूच आहे आत. बाटलीला लावतात ना, तेच. मोठ्या लाद्या येतात त्याच्या." हरिश्चंद्राने पुन्हा भिंतीवर हात ठेवला. त्याच्या अंगावर काटा आला होता आणि तो थंडीचा नव्हता.

कारण भिंतीला असा हात लावून तो याआधी एकदा उभा राहिला होता. आगाशीच्या घरात, माजघरामागच्या खोलीच्या बाहेरच्या अंगाला, परसात. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. वैशाख होता. भिंत तापलेली होती आणि तो तिला कान लावून उभा होता, कारण आत आई होती आणि आईचा आवाज भिंतीतून येत होता. तो आवाज आईचा आहे हे त्याला पटत नव्हतं. शेजारच्या बायका आत कुणा दुसऱ्याच बाईला घेऊन गेल्या असतील असं त्याने स्वतःला सांगून टाकलं होतं. मग आवाज थांबला. कानाला नुसती ऊन भिंत लागत राहिली. त्यानंतर केव्हातरी एक बारीक, चिरका, नवाच आवाज आला. ती लीला. आईचा आवाज मग कधीच आला नाही. इतक्या वर्षांनी बर्फखान्याच्या भिंतीपाशी उभं राहून त्याच्या ध्यानात आलं, की आत असताना बाहेरच्या ट्रामची घंटासुद्धा ऐकू आली नव्हती. वास्तविक या आठवणीने त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती एक प्रकारची उकळी. पोटातून वर येणारी, लहानपणी तळ्यात सूर मारण्याआधी यायची तशी. आईच्या आठवणीतून असला आनंद यावा याची त्याला जराशी भीतीही वाटली. पण उकळी काही खाली बसेना. परतताना तो बसच्या पत्र्याला हात लावून बघत होता, चहाच्या पेल्याला बाहेरून आणि कडेने चाचपत होता. आगाशीला घरी आल्यावर त्याने बायकोच्या, प्रेमलताच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, "मला ताप नाही. तुम्हालाच असेल."

लीला त्याच महिन्यात मुंबईची नोकरी सोडून आगाशीच्या घरी आली होती. ती शिकलेली सुईण होती, मोठ्या इस्पितळात राहून पास झालेली. लग्न तिने केलं नव्हतं आणि त्याबद्दल घरात आता कुणी बोलतही नव्हतं. गावात बायका बाळंत व्हायच्या त्या घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत, नाहीतर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या पडवीत. लीला निरोप येईल तिथे पिशवी घेऊन धावायची. वैशाखात अशाच एका पडवीत तिच्या हातातलं मूल उष्म्याने गेलं होतं, जन्मून दुपार उलटायच्या आत. ते ती कुणाशी बोलली नव्हती. फक्त एका सकाळी हरिश्चंद्र ओटीवर दाढी करत असताना ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, घराच्या मागे मला एक खोली काढून दे. बायका माझ्याकडे येतील. मी किती घरांना पुरी पडू?"

"काढू की. मंगलोरी कौलं घालू."

"कौलं नकोत. कौलातून माती पडते, काटक्या पडतात, उंदराच्या लेंड्या पडतात. परवा उकळत्या पाण्यात हत्यारं ठेवली होती आणि वरून पाल पडली. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तोवर त्या बाईने थांबायचं का?" तिने वर ओटीच्या कौलांकडे बोट केलं. "वरून काही म्हणता काही पडणार नाही असं छप्पर दे."

कौलं तशीही जमणार नव्हती. जुन्या घराची वळचण मागच्या बाजूला इतकी खाली आली होती, की तीच उतरण पुढे नेली तर खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खिडकीच ठेवता आली नसती. सपाट छप्पर हवं. म्हणजे स्लॅब. आणि स्लॅब म्हणजे भट्टी. मुंबईत वरच्या मजल्यावर राहणारा कुणीही ते सांगेल. दिवसभर ती ऊन पिते आणि रात्रभर खालच्या माणसांच्या अंगावर ओकते. मागल्या उन्हाळ्यापर्यंत हरिश्चंद्र इथेच थांबला असता, साहेबांना विचारू म्हणाला असता. पण आता त्याच्या तळव्यात ती भिंत होती. तोंडाला साबण तसाच ठेवून तो म्हणाला, "देतो."

त्यानंतरचे त्याचे दिवस कसे गेले हे त्याला नीट सांगता आलं नसतं. ऑफिसात तो साहेबांच्या रेघा गिरवत होता, पण डोक्यात एक वेगळाच कागद उलगडलेला असे. एकदा धीर करून त्याने साहेबांना विचारलंच. साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "बूच? मग स्लॅबच्या खालून लाव, छतासारखं. सगळे तसंच करतात." हरिश्चंद्र मान हलवून जागेवर आला आणि डबा उघडून नुसता बसून राहिला. खालून. म्हणजे खोलीतल्या माणसाला सावली मिळेल, पण स्लॅब? ती बिचारी उन्हात उघडीच. दुपारी फुगणार, रात्री आक्रसणार, रोज, वर्षानुवर्षं. मग तिला केसासारखी चीर पडणार, आणि आगाशीचा पाऊस असा, की केसाएवढ्या चिरेतून तो अख्खा आत येईल. तेव्हा डब्यातल्या पोळीकडे बघता बघता त्याला ते दिसलं. बूच वरून घालायचं. स्लॅबच्या डोक्यावर. थंडीत माणूस गोधडी अंगावर घेतो, पाठीखाली घालून उघडा झोपत नाही. बुचाच्या खाली स्लॅब घरातल्या माणसासारखी घरातच राहील. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता लागणार नाही. बुचाच्या वर डांबर आणि गोणपाट, म्हणजे बूच भिजायचं नाही. त्याच्यावर चुन्याचा कोबा, पन्हाळीकडे उतार देऊन. ऊन कोब्यावर, पाणी डांबरावर, उष्मा बुचावर; प्रत्येकाला आपापल्या उंबऱ्यावर अडवायचं. त्याने पोळी खाल्लीच नाही. डब्याच्या झाकणावर बोटाने थर मोजत राहिला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "काय हो, लॉटरी लागली काय?" तेव्हा तो खरोखर हसत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने साहेबांचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं आणि जग होतं तिथेच होतं.

बूच मिळालं त्या बर्फखान्यातूनच. तो पाडला तेव्हा भिंतीतल्या लाद्या भंगारात निघाल्या. काळपट तपकिरी, हलक्या, करवतीने कापल्या तर चुरचुर वाजणाऱ्या. स्टेशनावरून बैलगाडीतून आगाशीच्या परसात त्या उतरल्या तेव्हा सगळ्या वाडीत बोंबलाचा वास सुटला. हरिश्चंद्राचे वडील, एकनाथबाबा, केळीच्या बागेतून आले आणि एक लादी उचलून त्यांनी तिचं वजन हातातल्या हातात करून बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अजून पाटाचं पाणी स्वतः वळवायचे.

"बाटलीला बूच घालतात ते ठाऊक हाय. घराला बूच घालनारा तूच पयला."

"बाबा, हात लावून बघा. उन्हात पडलंय, तरी तापलंय का?"

बाबांनी हात लावला. मग लादी खाली ठेवली आणि नुसतं म्हणाले, "हं." हरिश्चंद्राला तो हुंकार दिवसभर पुरला.

गवंडी होता धर्मा, खाडीकडच्या गावचा. बांध घालण्यापासून विहिरीचं तोंड बांधण्यापर्यंत सगळं केलेला, पण बूच त्यालाही नवं होतं आणि त्याने तसं सांगून टाकलं. हरिश्चंद्राने त्याच्यासाठी एक लहानसा तुकडा करून दाखवला, हातभर लांबीचा, सगळे थर घातलेला. दोघं त्याच्याभोवती उकिडवे बसले, एकाने डांबर ओतलं, दुसऱ्याने गोणपाट दाबलं, आणि दोघांच्याही तोंडावर देवळातल्या पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या पोरांचा भाव होता. थंडीच्या दिवसांत स्लॅब पडली. मग बूच बसलं, सांध्याला सांधा न लावता, विटा रचाव्या तसं. मग डांबराच्या कढया चढल्या. कोब्यासाठी विटांचे तुकडे, चुना, गुळाचं पाणी; वाडीतल्या बाया थाप्या घेऊन ओळीने बसल्या आणि कोबा धोपटू लागल्या. तो टपटप आवाज ऐकत हरिश्चंद्र रविवारभर जिन्यावर बसायचा. प्रेमलता चहा घेऊन वर यायची, पदर खोचून स्वतःच एक थापी उचलायची. एकदा ती म्हणाली, "तुम्ही असे कधी बघितलेच नव्हते मी." त्याने विचारलं, "असे म्हणजे?" ती म्हणाली, "घरी असलेले."

एकच गोष्ट त्याच्या मनासारखी झाली नाही. नवं छप्पर जिथे जुन्या घराच्या भिंतीला जाऊन टेकत होतं, तिथे भिंतीत आडवी खाच पाडून डांबराचं गोणपाट आत खोचायला हवं होतं. तसं केलं तरच सांधा बंद होतो. धर्माने छिन्नी लावली आणि पहिल्याच ठोक्याला बाबा आतून बाहेर आले.

"ती भिंत कापायची नाय."

"बाबा, बोटभर खाच. वरून पुन्हा चुना भरतो."

"बोलली ना. नाय म्हंजे नाय."

त्यांच्या तोंडून 'बोललो'ऐवजी 'बोलली' निघालं, रागाने की आईच्या आठवणीने कोण जाणे. ते पुन्हा आत गेले आणि माजघरामागच्या त्या खोलीत जाऊन बसले. ती आईची खोली. आई गेल्यापासून तिथे कुणी निजत नव्हतं; केळीचे घड टांगलेले असायचे, आणि त्या भिंतीला बाबांनी कधी खिळासुद्धा मारू दिला नव्हता. हरिश्चंद्राने वाद घातला नाही.  बापाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. आणि आतून, अगदी आतून, त्यालाही त्या भिंतीला छिन्नी लागलेली नकोच होती. म्हणून गोणपाट नुसतं भिंतीवर चढवलं, डांबराने चिकटवलं, कोपऱ्यात चुन्याचा गोल वाटा, म्हणजे उतरता थर, मारला. धर्मा म्हणाला, "चालंल." हरिश्चंद्रही म्हणाला, "चालेल." पण कागदावर त्या जागी त्याने खाच काढलेली होती, आणि तो कागद त्याने नंतर उघडून बघितला नाही.

पाऊस यायच्या आधी छप्पर तपासायचं, तर पाऊस आपणच आणायला हवा. पन्हाळींची तोंडं बंद करायची, छपरावर पाणी भरायचं, आणि दोन-तीन दिवस ते उभं ठेवून खालून बघत बसायचं. पन्हाळींना त्याने केळीच्या खुंटाचे गच्च तुकडे ठोकून मातीने लिंपले. मे महिना, विहिरी तळाला गेलेल्या. तरी बाबांनी न विचारता सकाळी रहाटाला रेडा जुंपला. रहाटाच्या डोणीतून घागरी भरल्या आणि शिडीवर माणसांची रांग लागली. प्रेमलता, लीला, शेजारपाजारच्या बाया, धर्माची माणसं, हातोहात घागरी वर चालल्या. नंदाखालकडून येणारा पाववाला बॅप्टिस्टसुद्धा सायकल कुंपणाला टेकवून रांगेत उभा राहिला आणि विचारू लागला, "वर काय, कोळंबी पाळणार काय?" उन्हात पाणी सांडत होतं, पाठी भिजत होत्या, कुणी कुणावर घागर उपडी करत होतं. हरिश्चंद्र वर उभा राहून घागरी ओतत होता. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा त्यात आकाश दिसू लागलं, माडांचे शेंडे दिसू लागले, आणि त्यात स्वतःचं धोतर खोचलेलं रूप बघून त्याला वाटलं, हा माणूस आपल्याला आवडतो.

पहिला दिवस कोरडा गेला. तो तासातासाला खाली जाऊन छताला हात लावून येत होता. बाहेर जमीन चटके देत होती आणि त्या रिकाम्या, चुन्याच्या वासाच्या खोलीत शिरलं की विहिरीत अर्धं उतरल्यासारखं वाटायचं. लीलाने तिथे तिचा लोखंडी पलंग आणून ठेवला होता, नुसतं बघायला कसा दिसतो ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्माची लेक आली. कमळी तिचं नाव. पहिलटकरीण, माहेरी आलेली. पहाटेपासून कळा देत होती आणि काही पुढे सरकत नव्हतं. धर्माने तिला बैलगाडीत पेंढ्यावर निजवून आणलं होतं, वर पासोडीची सावली धरून. तिचा चेहरा उन्हाने काळवंडून गेला होता. लीलाने गाडीतच तिची नाडी बघितली, पोटावर हात ठेवला, आणि मग हरिश्चंद्राकडे वळली.

"दादा, वरचं पाणी काढ. हिला आत घेते."

"गळणार नाही."

"खात्री आहे तुला?"

 पाणी काढलं तर तपासणी गेली. विहिरीत आता पुन्हा एवढं पाणी नव्हतं, आणि पाऊस दारात उभा होता. पण हे कारण या घटकेला तोंडातून काढायची त्याला लाज वाटली. तेवढ्यात धर्मा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, लीलाबाय. कोबा म्या घातलाय. पानी खाली यायचं नाय."

लीलाने दोघांकडे बघितलं. "मग दोघंही वर जा. मी हाक मारली की त्याच पावली पन्हाळी मोकळ्या करायच्या. एक थेंब जरी दिसला तरी हाक मारीन."

कमळीला आत नेताना हरिश्चंद्राने हात दिला. दारातून आत शिरल्याबरोबर कमळीने डोळे उघडले. "गार हाय," ती पुटपुटली. त्या शब्दासरशी तो तिच्याकडे बघायचं विसरून वर छताकडे बघू लागला. पांढरंस्वच्छ, फळ्यांचे ठसे उठलेलं, कोरडं छत. मग त्याने खाली बघितलं तर कमळीही छताकडेच बघत होती, घामेजल्या, मोठ्या डोळ्यांनी. ती कुणाला शोधत होती तिथे, आणि आपण काय शोधत होतो? त्याला स्वतःचीच शिसारी आली. "बाहेर हो, दादा," लीला म्हणाली आणि तिने दार-खिडकी लावून घेतली.

वर पाणी कोमट झालं होतं. माथ्यावर ऊन, घोट्याशी पाणी, आणि दोन पुरुष काही करण्यासारखं नसलेले. धर्माने पागोटं सोडून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा डोक्याला गुंडाळलं. काही वेळाने तो म्हणाला, "काय ऐकू येतं काय तुमाला?" हरिश्चंद्राने कान दिला. कावळा. दूर रहाटाची करकर. खालून काही नाही. पाणी, कोबा, डांबर, बूच, स्लॅब. एकाखाली एक सगळे आपापल्या उंबऱ्यावर उभे होते आणि कुणी काही वर येऊ देत नव्हतं. त्याने ते तसंच आखलं होतं. गेलं वर्षभर जी उकळी त्याला झोपू देत नव्हती ती नेमकी याचीच नव्हती का, की अशी भिंत असते जिच्यातून आवाज येत नाही? आता ती मिळाली होती. आणि खाली एक बाई ओरडत असेल, किंवा नसेल, आणि तिचा बाप तिच्या डोक्यावर उभा असून त्याला काही कळत नव्हतं. धर्मा गुडघ्यावर बसला. त्याने पाण्यात वाकून कोब्यावर तळवा टेकवला, जणू कुणाचं पोट चाचपावं तसा. "काय कळत नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "हरिभाऊ, माजी बायकू अशीच गेली. हिच्या वक्ताला नाय, हिच्या पाठच्या टायमाला."

हरिश्चंद्राला हे ठाऊक नव्हतं. इतके महिने दोघांनी एका कढईतलं डांबर ओतलं होतं. तो म्हणाला, "माझी आई. लीलाच्या वेळी. या इथेच, या भिंतीच्या पलीकडे." हे तो आजवर कुणाशीही बोलला नव्हता, प्रेमलताशीसुद्धा नाही. बोलताना त्याने भिंतीकडे बोट केलं, आणि बोट केलं म्हणून त्याचं लक्ष तिथे गेलं. सांध्यापाशी, चुन्याच्या वाट्याला लागून, पाण्यातून बुडबुडे वर येत होते. बारीक, मोहरीएवढे, एकामागून एक, अगदी निवांत. हवा वर येत होती म्हणजे पाणी आत जात होतं. खाच नव्हती तिथेच.

 तो धावला. लीलाची हाक आली नव्हती, पण आता हाकेची वाट कोण बघतो. केळीचा खुंट पाण्याने फुगून पन्हाळीत असा बसला होता, की हलेना. त्याने बोटं रुतवली, साल सोलून हातात आली. धर्मा शेजारी येऊन आडवा पडला, दोघांचे चार हात त्या भोकात, दोघांची तोंडं पाण्यात, आणि मग खुंट एकदम सुटला, तो धर्माच्या छातीवर आला, आणि छपरावरचं सगळं पाणी हुंदडत पन्हाळीकडे धावलं. कसं धावलं! एका थेंबाने वाट चुकवली नाही. चारी कोपऱ्यांतून, त्याने आखलेल्या उतारावरून, कुठेही डबकं न करता ते आलं आणि खालच्या केळीच्या वाफ्यात कोसळलं. घाबरलेला, चिखलाने माखलेला हरिश्चंद्र ते बघत राहिला आणि त्याच्या तोंडून हसू फुटलं. तो उतार त्याचा होता.

पाण्याचा आवाज ओसरला तेव्हा लीला खालून हाका मारत होती, केव्हापासून कोण जाणे. "अरे, बहिरे झालात काय दोघं? मुलगी झालीय. रडून रडून लाल झालीय, तुम्हाला ऐकू येत नाही?"

धर्मा शिडीवरून उतरला नाही; तो बहुधा उडीच मारून गेला. हरिश्चंद्र दारापाशी जाऊन थांबला. आतून तो आवाज येत होता, बारीक, चिरका, नवा. कमळीचाही येत होता, ती पाणी मागत होती, मग आणखी मागत होती, आणि प्रेमलता तिला दटावत होती, "हळू, हळू पी, बाय." लीलाने त्याला आत घेतलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले होते आणि चेहऱ्यावर थकव्यापेक्षा भलतंच काहीतरी होतं, जणू तिला कुणी बक्षीस दिलंय आणि ते कुठे ठेवावं हे कळत नाहीये. "छत बघ एकदा," ती म्हणाली, "नाहीतर तुला झोप यायची नाही." तो पलंगापासून लांब, कोपऱ्यातल्या स्टुलावर चढला. छताला तळवा लावला, मग दुसरा. कोरडं. गार. मधोमध, कडेला, खिडकीवर, सगळीकडे कोरडं. फक्त जुन्या भिंतीशी एक ओला पट्टा उतरला होता, हातभर लांबीचा, पलंगावर नव्हे, खाली भिंतीभिंतीने.

"तिथेच?" लीलाने विचारलं.

"तिथेच फक्त," तो म्हणाला, आणि आपल्या आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही. चूक कुठे आहे हे कळण्याइतकं सुख त्याला कधी कुणाच्या नकाशावर मिळालं नव्हतं.

भिंतीच्या पलीकडून बाबा आले. ते सबंध दुपार आईच्या खोलीत बसून होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. केळीच्या घडांखाली, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. त्यांनी आत डोकावून कमळीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि ओल्या पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मला सगळा ऐकू येत होता," ते म्हणाले. "ही भिंत पहिल्यापासून अशीच. तवाही येत होता, बागेपर्यंत." मग हात तसाच ठेवून, "मी तवा बाहेर बागेत होतो. पाट वळवत होतो. बायका बोलल्या, पुरुषाचा काम नाय. तू मात्र भिंतीशी होतास, रे. लहान होतास."

हरिश्चंद्राला वाटत होतं, हे फक्त त्याला आणि त्या भिंतीला ठाऊक आहे.   बाबा बाहेर गेले, धर्माची हत्यारांची पाटी ओट्याखाली होती तिच्यातून छिन्नी आणि हातोडी काढली, आणि शिडी चढू लागले. एकेका पावलाला थांबत होते. हरिश्चंद्र त्यांच्यामागून चढला, हात देऊ का म्हणून विचारायचं टाळत.

वर कोबा अजून ओला होता आणि उन्हाने वाळत चालला होता, कडेकडून आत. बाबा भिंतीपाशी उकिडवे बसले. त्यांनी भिंतीवर एकदा तळवा फिरवला, छिन्नी टेकवली आणि हातोडी मारली. जुना चुना पांढरा होऊन उडाला. आत विटा होत्या, विटांच्या सांध्यात शिंपल्यांचे तुकडे, बस, इतकंच. आणखी काही असेल असं हरिश्चंद्राला इतकी वर्षं का वाटत होतं कोण जाणे. बाबा ठोकत राहिले, संथपणे, केळीच्या मुळाशी कुदळ घालावी तसे. खालून मुलीचं रडणं येत होतं, आता उघडलेल्या खिडकीतून, मोकळं. मग ते थांबले, धाप टाकली, आणि त्यांनी कोरलेल्या खाचेत आपलं बोट घालून बघितलं.

"एवढी पुरल?"

हरिश्चंद्र शेजारी बसला. त्यानेही बोट घातलं. चुना अजून ठोक्यांनी गरम होता.

"थोडी आणखी आत, बाबा," तो म्हणाला, आणि बाबांनी छिन्नी पुन्हा लावली.